सुगरण आणि श्लेष्मकवक: तुलना करायची तर मोजायचं काय?

‘दोन सजीवांची तुलना’ असा प्रकल्प मिळाला की बहुतेक विद्यार्थी दोन रकाने आखतात. एकीकडे पंख आहेत, दुसरीकडे नाहीत. एकीकडे मेंदू आहे, दुसरीकडे नाही. असा तक्ता दहा मिनिटांत भरतो आणि त्यातून नवीन काहीच हाती लागत नाही. सुगरण पक्षी आणि फायसॅरम पॉलिसेफॅलम हे पिवळं श्लेष्मकवक, म्हणजे स्लाइम मोल्ड, अशी जोडी घेतली तर हा तक्ता सपशेल फसतो, कारण वरवर पाहता दोघांत सारखं काहीच नाही.

दोघांना एकच प्रश्न विचारता आला तर मात्र ही जोडी फार कामाची ठरते. तो प्रश्न असा: आपण उभारलेल्यापैकी किती सोडून देतो, आणि कधी? सुगरण नर खोपा अर्धा विणतो. मादी तो पाहून जाते. तिला पटला नाही तर तो तसाच लटकत राहतो आणि नर दुसरा घेतो. श्लेष्मकवक चहूबाजूंना पसरतं, आणि जिथे खायला मिळत नाही तिथून अंग काढून घेतं. दोन्हीकडे ‘उभारलेलं’ आणि ‘सोडलेलं’ मोजता येतं. सोडलेल्याला उभारलेल्याने भागलं की जे गुणोत्तर मिळतं त्याला ना सेंटिमीटर लागतो ना ग्रॅम, म्हणून ते शेजारी शेजारी ठेवता येतं. पुढची सगळी पद्धत याच एका मापाभोवती बांधली आहे.

आधी ओळख पक्की करा

मराठवाड्यात विहिरीवरच्या बाभळीला, बोरीला किंवा शिंदीला लटकणारे, खाली लांब नळी असलेले खोपे सुगरणीचे, म्हणजे प्लोसियस फिलिपायनसचे. विणीच्या काळात नराचा माथा आणि छाती पिवळीधमक, गाल आणि गळा गडद तपकिरी. मादी दिसायला चिमणीसारखी, म्हणून नवखा माणूस तिची नोंदच करत नाही. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी जलाशयाच्या कडेला किंवा तळ्याकाठी पाणकणसात खोपे दिसले तर ते दुसऱ्या जातीच्या सुगरणीचे असू शकतात. त्या जाती खोपा पाणकणसाच्या पात्यांनाच बांधतात. एका प्रकल्पात दोन जाती मिसळू नका.

आणखी एक सावधगिरी. इंटरनेटवर विणकर पक्ष्यांची बरीचशी माहिती आफ्रिकेतल्या व्हिलेज वीव्हरबद्दलची असते. तो नर नाकारलेलं घरटं स्वतः उसवून टाकतो. ते वाक्य उचलून आपल्या सुगरणीच्या नावावर टाकलं तर प्रकल्पाचा पायाच चुकतो, कारण आपण नेमके सोडलेले खोपेच मोजणार आहोत. आपल्याकडची मूळ निरीक्षणं सालिम अली यांची आहेत. त्यांनी १९३१ साली अलिबागजवळच्या किहीमच्या वसाहतीवर लिहिलं आणि नर अर्धवट खोपे बांधून ठेवतो, मादी त्यातला एक ताब्यात घेते, मग नर पुढच्या खोप्याला लागतो हा क्रम मांडला.

श्लेष्मकवकाच्या नावात कवक असलं तरी ते बुरशी नव्हे. ते अमीबाच्या कुळातलं. जीवसृष्टीच्या वंशवृक्षात प्राणी आणि बुरश्या एकाच मोठ्या फांदीवर येतात, आणि श्लेष्मकवक त्या फांदीच्या बाहेर, शेजारी येतं. त्यामुळे सुगरण पक्षी अळंबीला जितका जवळचा, तितकं श्लेष्मकवक अळंबीला जवळचं नाही. प्रदर्शनात परीक्षक हटकून इथे अडवतात, तेव्हा हे तोंडपाठ असू द्या.

त्याचा आपण वाढवतो तो टप्पा म्हणजे प्लाझ्मोडियम: एकच पेशी, पण हातभर पसरू शकणारी, आत लाखो केंद्रकं, आणि ती साधारण ८ ते १० तासांनी सगळी एकाच वेळी विभागतात. पावसाळ्यात कडब्याच्या गंजीच्या बुडाला, उसाच्या कुजत्या पाचटावर किंवा उकिरड्यावर जो पिवळा, ओकारीसारखा लगदा दिसतो तो बहुधा फ्युलिगो सेप्टिका. तेही श्लेष्मकवकच, पण बशीत वाढवायला अवघड. तो लगदा आणून ‘फायसॅरम’ म्हणून लावला आणि दोन दिवसांत त्याची भुकटी झाली, हा नेहमीचा अनुभव. लगदा दिसतो तेव्हा तो बीजाणू तयार करायच्या टप्प्यावर पोचलेला असतो आणि तिथून परत फिरत नाही.

फायसॅरम पॉलिसेफॅलमचं संवर्ध, म्हणजे वाढवून जपलेला जिवंत नमुना (कल्चर), विद्यापीठाच्या किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात चौकशी करून मिळवा. ते बहुधा गाळणकागदावर वाळवलेल्या नारिंगी पापुद्र्याच्या रूपात येतं. या वाळलेल्या अवस्थेला स्क्लेरोशियम म्हणतात. संवर्ध मिळालं नाही तर झाडाच्या सालीपासून सुरुवात करता येते: कडुनिंब, आंबा किंवा बाभळीच्या जिवंत झाडाची बाहेरची सुकी साल घ्या, बशीत गाळणकागदावर एका थरात मांडा, शुद्ध पाण्यात २४ तास भिजवा, जास्तीचं पाणी ओतून द्या आणि झाकून उजेडाच्या खोलीत ठेवा, ऊन मात्र लागू देऊ नका. तिसऱ्या दिवसापासून महिनाभर भिंगाने पाहत राहा. छोटी श्लेष्मकवकं बऱ्याचदा मिळतात, पण फायसॅरम पॉलिसेफॅलमच मिळेल यावर विसंबू नका. मिळेल त्या जातीचं नाव लिहा, नाव कळलं नाही तर ‘अनोळखी’ लिहा.

कधी करायचं

सुगरणीचं वेळापत्रक पावसाच्या हाती. गवताच्या पात्या लांब झाल्याशिवाय नराला विणायला धागा मिळत नाही आणि गवताला दाणा, किडे आल्याशिवाय पिलांना चारा नाही. आपल्याकडे जुलैअखेर ते ऑक्टोबर धरा. पावसाने ओढ दिली तर सुरुवात ऑगस्टच्या मध्यावरही जाते, म्हणून कॅलेंडरवर तारीख न टाकता विहिरीवर पहिलं कडं, म्हणजे खोप्याचं विणलेलं उभं वर्तुळ, दिसलं तो दिवस १ धरा.

श्लेष्मकवकाला २० ते २५ अंश सेल्सिअस मानवतं. तिशीच्या वर ते सुस्तावतं आणि बुरशी त्याच्यावर मात करते. मराठवाड्यात मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत एसी नसलेल्या खोलीत हे काम हाती घेऊच नका. ऑगस्ट-सप्टेंबर ठीक, नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम, पण परभणीच्या थंडीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरला की वाढ जवळजवळ थांबते. तेव्हा बशा थर्मोकोलच्या डब्यात ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात उलट उपाय: पसरट तोंडाच्या मातीच्या माठात तळाला ओली वाळू, त्यावर पाट, पाटावर बशा, बाहेरून ओलं गोणपाट. हवा कोरडी असल्याने आत चांगला गारवा राहतो. पावसाळ्याच्या दमट हवेत माठाचा तेवढा उपयोग होत नाही. थर्मामीटर आत ठेवून सकाळ-दुपार तापमान लिहाच, नाहीतर एक बशी दुसरीपेक्षा मागे का पडली याचं उत्तर सापडत नाही.

विहिरीवरचं काम

एक वसाहत निवडा, २० ते ३० खोप्यांची. शेतमालकाला विचारूनच आत जा. जुन्या विहिरींना कठडा नसतो आणि पावसाळ्यात काठ ढासळतो, गवतात विंचू-साप असतात. तेव्हा बसायची जागा विहिरीपासून लांब, ३० ते ४० मीटरवर धरा. ८×४० ची दुर्बीण पुरते.

झाडाचं रेखाचित्र काढा आणि प्रत्येक खोप्याला कागदावर क्रमांक द्या. खोप्याला दोरी, चिठ्ठी, रंग काही लावायचं नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार जंगली पक्ष्याची अंडी किंवा घरटं यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. शहरात शोभेसाठी खोपे विकायला येतात म्हणून ते तोडायला मोकळीक आहे असं समजू नका.

दर दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ते १० या वेळात जाऊन प्रत्येक खोप्याची अवस्था लिहा. अवस्था पाच:

१. गाठ: फांदीच्या टोकाला गुंडाळलेला पात्यांचा गोळा.
२. कडं: उभं वर्तुळ, नर त्यात पाय रोवून विणतो.
३. टोप: वरून घुमट, खालून दोन तोंडं उघडी. शिरस्त्राणासारखा आकार.
४. बंद कोठी: अंड्यांची बाजू बुडातून बंद झालेली.
५. नळी: खाली लांब प्रवेशनळी आलेली.

सगळं गणित तिसऱ्या अवस्थेवर उभं आहे. टोप तयार व्हायला साधारण ८ दिवस, पूर्ण खोप्याला १८ च्या आसपास. मादी पाहणी करते ती टोपाची. ती येते तेव्हा नर पंख फडफडवत खोप्याला लटकून ओरडतो आणि आजूबाजूचे नरही चेकाळतात, त्यामुळे पाहणी चुकत नाही. तिने पसंती दिली की नर कोठी बंद करून नळी विणतो, मादी आतलं मऊ अस्तर घालते. तिने नाकारला की टोप तिथेच.

दुर्बिणीतून नराची पात काढण्याची रीत एकदा नीट पाहून घ्या. तो उसाच्या, ज्वारीच्या किंवा उंच गवताच्या पानाच्या कडेला चोचीने खाच पाडतो, ती कड चोचीत धरतो आणि उडतो. उडण्याच्या ओढीनेच पट्टी शिरेच्या रेषेत सरळ फाटत जाते. पट्ट्या २० ते ६० सेंटिमीटरच्या असतात आणि एका खोप्यासाठी ५०० पर्यंत फेऱ्या होतात. खोप्यावर आला की पट्टीचं टोक एका विणीतून आत ढकलायचं, दुसऱ्या बाजूने ओढून घ्यायचं, मग उलट दिशेला वळवायचं. हंगाम संपल्यावर, नोव्हेंबरनंतर, जमिनीवर पडलेला एखादा खोपा मिळाला तर त्याच्या मानेजवळचा भाग सुईने उसवून ५० पट्ट्या मोजा. झाडावर टिकलेले जुने खोपे मात्र राहू द्या. त्यात मुनिया संसार थाटतात.

प्रत्येक भेटीत एक खोपा निवडून अर्धा तास फक्त त्याच्याकडे पाहा: किती पट्ट्या आल्या, कोणत्या दिशेने आल्या, किती वेळा दुसऱ्या नराने चोरल्या. चोरी होतेच, ती वेगळ्या रकान्यात. टोपाच्या आत चिखलाचे ठिपके दिसतील. ‘त्यात काजवे चिकटवून दिवा लावते’ हे गावोगाव सांगितलं जातं, पण त्याला निरीक्षणाचा आधार नाही. तुम्ही फक्त चिखल दिसला की नाही ते लिहा.

जागेच्या नोंदी आळस न करता घ्या: जमिनीपासूनची उंची, फांदी जाड की बारीक, काटेरी की बिनकाट्याची, खाली पाणी आहे का, झाडाच्या कुठल्या बाजूला. वसाहती झाडाच्या पूर्वेकडे जास्त असतात, नैऋत्येच्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून, असं अनेकांनी नोंदलं आहे. कंपास घेऊन तुमच्या विहिरीवर ते खरं आहे का पाहा. पक्षी-अभ्यासक सुहेल क्वादर यांच्या २००६ च्या अभ्यासात मादीची पसंती विणीच्या नीटसपणापेक्षा जागेवर जास्त अवलंबून दिसली होती. म्हणूनच ‘खोपा सुबक नव्हता म्हणून सोडला’ असा निष्कर्ष डोळे झाकून लिहायचा नाही.

शेवटचा हिशेब असा. टोपापर्यंत पोचलेले खोपे म्हणजे ‘उभारलेले’. त्यातला जो सलग तीन भेटींत, म्हणजे सहा दिवस, टोपावरच अडकला आणि नर कामाला दिसला नाही, तो ‘सोडलेला’. वाऱ्याने किंवा फांदी मोडून पडलेला खोपा ‘सोडलेला’ धरायचा नाही, त्याला ‘पडलेला’ हा वेगळा रकाना. निरीक्षण थांबवताना ज्यावर काम चालूच होतं तो ‘अनिर्णित’. हे चार रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. शेवटी आठवून भरायला बसलात तर पडलेले खोपे हमखास सोडलेल्यांत जातात आणि आकडा फुगतो.

बशीतलं काम

दहा बशांसाठी, ९० मिलिमीटर व्यासाच्या:

अगर-अगर ३ ग्रॅम (किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं, बिनसाखरेचं आणि बिनरंगाचं घ्या), पाणी २०० मिलिलिटर, साधे ओट्स मूठभर, धारदार ब्लेड, चिमटा, स्पिरिट, ५ मिलिमीटरचा आलेख कागद.

पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड. बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडे ते क्षारयुक्त असतं आणि श्लेष्मकवकाला क्षार नकोसे, किंचित आम्लधर्मी पृष्ठभाग बरा. मसाला ओट्स तर मुळीच नकोत. मिठाजवळ ते येत नाही आणि तुम्ही संवर्ध मेलं म्हणून नव्याच्या शोधात फिरता.

अगर पाण्यात उकळून विरघळवा, काचेच्या बाटलीत भरा, झाकण सैल ठेवा आणि कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर २० मिनिटं. बाटली हाताला सोसवेल इतकी, सुमारे ५० अंश, निवली की प्रत्येक बशीत २० मिलिलिटर ओता. कढत ओतलं तर झाकणाला वाफ साचते, थेंब खाली पडतात आणि श्लेष्मकवक पाण्यात वाहवतं. अगरमध्ये साखर, दूध, पीठ काहीही घालायचं नाही. अन्न ओट्समध्ये, अगर फक्त ओलाव्यासाठी. अन्न सगळीकडे असेल तर सोडून देण्यासारखं काही उरतच नाही.

स्क्लेरोशियमचा सेंटिमीटरभर तुकडा अगरवर ठेवा, एक थेंब पाणी, वर दोन ओट्स, बशी काळ्या कागदात. साधारण दिवसभरात पिवळी झालर बाहेर पडते. दोन-तीन दिवस वाढू द्या. मग पुढे सरकणाऱ्या कडेचा १ सेंटिमीटर चौकोन अगरसकट कापून नव्या बशीत पिवळी बाजू खाली करून ठेवा. कडाच घ्यायची, मधला जुना भाग नाही, कारण बुरशीचे बीजाणू मागे ओट्सजवळ असतात.

आता प्रत्यक्ष मापन. बशीच्या मधोमध तुकडा. त्याच्या दोन विरुद्ध बाजूंना, ३ सेंटिमीटर अंतरावर, एकेक ओट. अशा पाच बशा. आणखी पाच बशांत तसाच तुकडा, पण ओट नाही. बशीखाली आलेख कागद, वरून मोबाइल स्टँडवर, दर तासाला फोटो, ३० तास. फोटोच्या मिनिटभरापलीकडे उजेड नको, उजेडापासून ते पळतं.

पुढची कड तासाला १ सेंटिमीटरच्या आसपास सरकते, कधी जास्त. पुढे पंख्यासारखी पातळ चादर आणि मागे शिरांचं जाळं. ओट सापडला की त्याला मिठी मारून बसतं. दोन्ही ओट सापडले की त्यांना जोडणारी शीर जाड होत जाते आणि बाकीचा पसारा विरतो. जिथून अंग काढलं तिथे पारदर्शक चिकट माग उरतो. तिरप्या प्रकाशात तो दिसतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की श्लेष्मकवक आपला असा माग ओळखून तिथे पुन्हा जायचं टाळतं. म्हणजे मोजणी करताना माग पुसू नका, आणि वापरलेल्या अगरवर नवा प्रयोग लावू नका.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर बशी उघडून १० पटीच्या भिंगाखाली एक जाड शीर धरा. आतला दाणेदार रस एका दिशेने वेगात धावतो, मंदावतो, क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. एका पूर्ण फेऱ्याला मिनिट-दोन मिनिटं. स्टॉपवॉचने दहा फेऱ्या मोजून सरासरी काढा. सोडून देण्याचं यंत्र इथेच आहे: ज्या शिरेतून जास्त रस वाहतो ती रुंदावते, रुंद झाली की आणखी वाहतो. ज्या शिरेतून कमी वाहतो ती आकसत जाते. ठरवणारं कुणी वेगळं नाही.

मोजणी ५ मिलिमीटरच्या चौकोनांत. ३० तासांत ज्या चौकोनात कधीही पिवळं आलं तो ‘उभारलेला’. शेवटच्या फोटोत ज्यात ते नाही तो ‘सोडलेला’. सुकून किंवा बुरशीने गेलेला चौकोन वेगळ्या रकान्यात, जसा तिकडे पडलेला खोपा. अजून नवी कड सरकतच असेल तर ते चौकोन ‘अनिर्णित’. एक बशी साधारण २५० चौकोनांची होते, एकाला मोजायला कंटाळवाणं काम आहे. दोघांनी स्वतंत्र मोजावं आणि १० पेक्षा जास्त चौकोनांचा फरक आला तर दोघांनी पुन्हा.

आकडे शेजारी ठेवताना

समजा विहिरीवर २४ टोप झाले, त्यातले ९ सोडलेले, २ पडलेले, १ अनिर्णित. शेवटचे तीन वजा केले की २१ उरतात. ९ भागिले २१ म्हणजे ०.४३. समजा एका बशीत १६० चौकोन उभारलेले, १० बुरशीने गेलेले, १०५ सोडलेले. १०५ भागिले १५० म्हणजे ०.७०. पाच बशांची सरासरी काढा, सर्वांत लहान आणि मोठा आकडाही द्या.

इथे थांबून दोन गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. पहिली, एकाच नराचे तीन टोप हे तीन स्वतंत्र नमुने नाहीत. कोणता खोपा कुणाचा हे शक्य तितकं लिहा आणि नरागणिकही गुणोत्तर काढा. दुसरी आणि जास्त महत्त्वाची: बशीत तुम्ही ओट ठेवून आणि न ठेवून पाहिलं, म्हणून ‘अन्न नसल्याने सोडलं’ म्हणता येतं. विहिरीवर तुम्ही फक्त पाहिलं. तिथे ‘खालच्या फांद्यांवरचे टोप जास्त सुटले’ एवढंच म्हणता येतं, ‘खालच्या फांदीमुळे सुटले’ नाही. ही दरी लपवायची नाही, उलट अहवालाच्या मध्यभागी मांडायची.

वेळेचं मापही तपासा. सुगरणीचा टोप सुटतो तो आठवड्यांत, शीर आकसते ती तासांत. दोन्ही वेळा त्या त्या जीवाच्या एखाद्या नैसर्गिक कालावधीने भागा. पक्ष्यासाठी खोप्याचे १८ दिवस, श्लेष्मकवकासाठी केंद्रक-विभाजनाचे ८ ते १० तास. मग ‘किती लवकर सोडलं’ याची तुलना करता येते. हा भाजक तुम्ही निवडलेला आहे, निसर्गाने दिलेला नाही, एवढं अहवालात नमूद करा.

‘मेंदू नसूनही हुशार’ हे मथळ्यासाठी छान, अहवालासाठी घातक. जपानमधल्या संशोधकांनी २००० साली चक्रव्यूहात दोन टोकांना अन्न ठेवलं, तेव्हा सुमारे ४ तासांत बंद वाटांमधून श्लेष्मकवक मागे सरलं आणि ८ तासांत बहुधा सर्वांत जवळच्या वाटेवर एकच जाड शीर उरली. ती वाट त्याने ‘शोधली’ म्हणण्यापेक्षा बाकीच्या वाटा सोडल्या म्हणणं अचूक. सुगरण नराबाबत उलट चूक होते. त्याचं विणकाम ‘उपजत’ म्हणून सोडून देतात, पण कोवळ्या नराचे खोपे ओबडधोबड असतात आणि सरावाने हात बसतो.

जमलं तर: मराठवाड्याचा नकाशा

बशीचं काम नीट बसल्यावरच याला हात घाला. २० × २० सेंटिमीटरचा पसरट डबा, पुन्हा २०० मिलिलिटर पाणी आणि ३ ग्रॅम अगर, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचा थर. प्रमाण १ सेंटिमीटर = २५ किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव या आठ जिल्हा मुख्यालयांच्या जागी एकेक ओट, आणि श्लेष्मकवकाचा तुकडा संभाजीनगरच्या ओटवर. नकाशाच्या हद्दीबाहेरचं अगर कापून काढा, कोरड्या प्लास्टिकवर ते सहसा जात नाही. २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या टोकियोच्या प्रयोगात असे ३६ ओट होते आणि साधारण दिवसभरात रेल्वेशी तुलना करण्याजोगं जाळं तयार झालं होतं.

जाळ्याची लांबी दोऱ्याने मोजत बसू नका. कृषी महाविद्यालयात मुळांची लांबी काढतात तीच युक्ती: फोटोवर १ सेंटिमीटरची जाळी टाका, शिरा आडव्या-उभ्या रेषांना किती ठिकाणी छेदतात ते मोजा, त्या संख्येला ११/१४ ने गुणा. उत्तर सेंटिमीटरमध्ये. ७० छेद असतील तर ५५ सेंटिमीटर, म्हणजे नकाशावर १३७५ किलोमीटर. मग पाहा, संभाजीनगर–जालना–परभणी–नांदेड हा रेल्वेचा कणा त्यात उमटतो का, आणि बीड कुणाला जोडलं जातं. दर वेळी जाळं वेगळं येईल. एका फोटोवरून ‘इथे रेल्वे हवी’ असं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देऊ नये.

बिघडतं कुठे

ओट्सवर हिरवी किंवा काळी लव: ओट्स जास्त झाले किंवा खोली तापली. लांबची स्वच्छ कड कापून नव्या बशीत हलवा, त्यानंतर जुनी बशी परत उघडू नका. पिवळा रंग जाऊन नारिंगी खपली: ओलावा संपला, हे मेलेलं नाही, थेंबभर पाणी द्या. झाकणावर चढलं: भूक, उजेड किंवा पाण्याचे थेंब. काळसर देठांवर गोंड्यांचं रान उगवलं: उपाशी राहून उजेडात आल्याने बीजाणू धरले, ती बशी गेली. तिचं झाकण उघडताना मास्क लावा, बीजाणूंनी दम्याच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो.

विहिरीवर बिघडतं ते वेगळंच. वादळी पावसानंतर क्रमांक जुळत नाहीत, कारण फांदी झुकते. म्हणून दर भेटीला त्याच जागेवरून एक फोटो. टोपात नळी फुटायच्या आधी मादी आत-बाहेर करताना दिसली आणि तुम्ही ‘पसंत’ लिहून मोकळे झालात तर पुढच्या आठवड्यात तो खोपा सोडलेला निघू शकतो. कोठी बंद झाल्यावरच ‘पसंत’ लिहा. पसंत खोप्याची वाटचालही सोपी आहे: २ ते ४ पांढरी अंडी, १४ ते १७ दिवस उबवण, पिलं साधारण १७ दिवसांत उडतात. चोचीत किडे घेऊन मादी आत जायला लागली की अंडी फुटली. आत डोकावायची गरज नाही.

काम संपलं की अगरच्या बशा कुकरमध्ये २० मिनिटं उकळून कचऱ्यात टाका, उकिरड्यावर जिवंत संवर्ध फेकू नका. एक चांगली बशी मात्र राखा. ओल्या गाळणकागदावर श्लेष्मकवक पसरू द्या, मग झाकण किंचित उघडं ठेवून अंधारात दोन-तीन दिवस सावकाश वाळू द्या. घाईने, पंख्याखाली वाळवलं तर ते मरतं. नारिंगी खपली धरली की कागद पाकिटात घालून, जात आणि तारीख लिहून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या हंगामापर्यंत टिकतं.